दोन पायांवरचे अस्वल

पूर्वी सुपे या नावाने ओळखला जाणारा जोयडा तालुका हे काळी नदीचे उगमस्थान. उत्तर कन्नड जिल्ह्यातील या अरण्यात दोन पायांवर चालणारे जनावर कोणते, असे विचारल्यास पुष्कळांना प्रथम अस्वल आठवते. वस्तुतः श्रोतेहो, हा मान पालापाचोळा उकरीत फिरणाऱ्या रानकोंबड्याचा आहे.

पक्ष्याचे पुढचे पाय पंख झाले आणि चालण्याचा सारा भार मागल्या दोहोंवर आला. त्याचा गुडघा उलटा वाकतो असे आपणांस वाटते. परंतु तो गुडघा नसून घोटा होय. खरा गुडघा पोटालगत पिसांत दडलेला असतो. मांडी पुढे आडवी राहिल्याने पावले शरीराच्या भाराखाली येतात व तोल सांभाळला जातो. अशाच दोन पायांवर कावळा चालतो, चिमणी टुणटुण उड्या मारते आणि रानकोंबडा धूम पळतो.

अस्वलाची गोष्ट निराळी. वाघ किंवा कुत्रा बोटांवर चालतो. अस्वल मागचे पाऊल माणसाप्रमाणे टाचेसकट टेकते. म्हणूनच त्याला उभे राहणे साधते. तथापि एका पायावर तोल राखून दुसरा पुढे टाकण्याजोगी माणसाची कटिरचना त्याच्यापाशी नाही. चार पावले डुलत टाकली की ते खाली येते. धावते ते चारी पायांनीच.

मग ते उभे का राहते? त्याची दृष्टी अधू, पण नाक तीक्ष्ण. समोर काय आहे, याचा वास उंचावरून घ्यावा, हा बहुधा त्याचा हेतू असतो. ही हल्ल्याचीच खूण समजून माणूस आरडाओरडा करीत पळत सुटला, तर बिथरलेले जनावर अंगावर येण्याचा संभव वाढतो.

दांडेलीचे अभयारण्य १९५६ साली जाहीर झाले. आज तो प्रदेश काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. तेथील रानवाटा माणसांच्या आणि अस्वलांच्याही आहेत. वारूळ उकरण्यात गुंग झालेल्या अस्वलाला आपली चाहूल लागत नाही, आणि पिलांना पाठीवर वाहणारी मादी तर अधिकच सावध असते. म्हणून रानातून जाताना सोबतीने, बोलत जावे. अस्वल उभे दिसलेच, तर पाठ न फिरविता सावकाश मागे सरावे. ते पुन्हा चार पायांवर येऊन आपल्या वाटेने गेले, की आपणही आपली वाट धरावी.