पसरलेले स्वादुपिंडातील न्यूरोएण्डोक्राइन अर्बुद : अवस्था, प्रत आणि साध्यासाध्य विचार



देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या भागांतील रुग्ण नागपूरला तपासणी करून परततो, तेव्हा अहवालांची पिशवी घेऊन तो पुष्कळदा प्रथम आपल्याच दारी येतो. मोठ्या रुग्णालयात काय सांगितले ते त्यास नीट उमगलेले नसते. ओळखीच्या वैद्याने ते आपल्या भाषेत सांगावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. अशा पिशवीत ‘स्वादुपिंडात गाठ, यकृतात अनेक गाठी’ एवढा शेरा दिसला, की ‘आता घरीच सेवा करा’ हे शब्द आपल्या तोंडून सहज निघतात. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगात हे भाकीत दुर्दैवाने फारसे चुकत नाही. परंतु त्याच अवयवात उद्भवणाऱ्या एका वेगळ्या अर्बुदाच्या बाबतीत ते घोर चूक ठरू शकते. त्या अर्बुदाचा साध्यासाध्य विचार कसा करावा, हे मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अवयव एक, व्याधी दोन

स्वादुपिंडात दोन प्रकारची कामे चालतात. पाचक रस तयार करून तो नलिकांवाटे ग्रहणीत सोडणे हे पहिले, आणि इन्सुलिन, ग्लुकागॉन यांसारखे अंतःस्राव रक्तात सोडणे हे दुसरे. नेहमीचा कर्करोग नलिकांच्या अस्तरापासून होतो. अंतःस्राव निर्माण करणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या अर्बुदास न्यूरोएण्डोक्राइन ट्यूमर म्हणतात. ते त्या मानाने विरळ असते आणि त्याची वाढ बहुधा मंद असते.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे 17 मार्च 2019 रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हा या अवयवाचे नाव घरोघरी पोहोचले. त्याच्या एक वर्ष आधी, 16 मार्च 2018 रोजी, अभिनेते इरफान खान यांनी आपणास न्यूरोएण्डोक्राइन ट्यूमर झाल्याचे जाहीर केले होते. ‘न्यूरो’ या शब्दाचा संबंध मेंदूशीच असतो असे नाही, हेही त्यांनी त्या वेळी स्पष्ट केले. 29 एप्रिल 2020 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. रोगाचे नाव लोकांस कळले ते असे. पण त्याचा स्वभाव मात्र अद्याप फारसा कळलेला नाही.

अवस्था : रोग कोठवर गेला?

अवस्था ठरविताना तीन गोष्टी पाहतात : मूळ गाठ, लसीकाग्रंथी आणि दूरचा प्रसार. अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सर या संस्थेच्या आठव्या आवृत्तीनुसार 2 सेंटिमीटरपर्यंतची व स्वादुपिंडापुरती मर्यादित गाठ पहिल्या पायरीची, 2 ते 4 सेंटिमीटरची दुसरीची, त्याहून मोठी किंवा ग्रहणी अथवा पित्तनलिकेत शिरलेली तिसरीची, आणि शेजारचे अवयव वा मोठ्या रक्तवाहिन्या व्यापणारी चौथीची मानतात. दूरचा प्रसार झाला, की गाठीचा आकार काहीही असो, रोग चौथ्या अवस्थेत गणला जातो.

मात्र या चौथ्या अवस्थेचेही पोटभेद आहेत. प्रसार केवळ यकृतात असेल तर एम-1-ए, यकृत सोडून अन्यत्र, म्हणजे फुप्फुस, अस्थी अथवा दूरच्या लसीकाग्रंथींत असेल तर एम-1-बी, आणि दोन्हीकडे असेल तर एम-1-सी. केवळ यकृतातील मोजक्या गाठी शस्त्रक्रियेने काढता येतात किंवा त्यांचा रक्तपुरवठा रोखता येतो. म्हणून ‘पसरला’ एवढ्यावर न थांबता कोठे आणि किती पसरला, हे विचारणे आवश्यक ठरते.

प्रत : रोगाचा वेग किती?

याहून महत्त्वाची गोष्ट बायोप्सीच्या अहवालात असते. केआय-67 हा आकडा किती टक्के पेशी विभाजनाच्या मार्गावर आहेत ते सांगतो. तो 3 टक्क्यांहून कमी असल्यास पहिली प्रत, 3 ते 20 टक्के असल्यास दुसरी आणि 20 टक्क्यांहून अधिक असल्यास तिसरी प्रत होय. विभाजन पावणाऱ्या पेशींची प्रत्यक्ष गणनाही करतात, आणि दोहोंपैकी जी प्रत वरची तीच ग्राह्य धरतात.

2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात एक महत्त्वाचा बदल झाला. तिसऱ्या प्रतीतही पेशींची घडण मूळ पेशींसारखी टिकून असेल तर त्यास ‘ट्यूमर’, आणि घडण पूर्ण बिघडलेली असेल तर ‘न्यूरोएण्डोक्राइन कार्सिनोमा’ म्हणावे, असे ठरले. नावे सारखी वाटली तरी हे दोन व्याधी भिन्न असून दुसरा अत्यंत वेगवान आहे. गॅलियम-68 डोटा पेट स्कॅनमध्ये सुघटित अर्बुदे बहुधा स्पष्ट उमटतात. वेगवान अर्बुदे एफडीजी पेट स्कॅनमध्ये अधिक ठळक दिसतात. कालांतराने प्रत वाढू शकते, यास्तव रोगाची चाल एकाएकी बदलल्यास पुन्हा बायोप्सी करावी लागते.

साध्यासाध्यता : आकडे काय सांगतात?

नलिकांच्या नेहमीच्या कर्करोगाचा प्रसार झाल्यावर, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फॉल्फिरिनॉक्स या तीव्र केमोथेरपीनेही मध्यम आयुर्मान 11.1 महिने भरले. पसरलेल्या न्यूरोएण्डोक्राइन कार्सिनोमातही केमोथेरपी घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान सुमारे 11 महिने आढळले आहे.

याउलट पसरलेल्या व सुघटित अर्बुदात एव्हरोलिमसच्या मोठ्या चाचणीत हे मान 44 महिने होते. कॅपेसिटाबिन व टेमोझोलोमाइड ही जोडी घेणाऱ्यांत ते 58 महिन्यांहून अधिक भरले. मध्यम आयुर्मान याचा अर्थ निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले, हे नातेवाइकांस आवर्जून सांगावे. चाचण्यांत प्रकृती बरी असलेले रुग्ण निवडले जातात, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेच्या नोंदींत सर्व प्रती एकत्र धरता दूर पसरलेल्या रोगाचे सुमारे एक चतुर्थांश रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. त्या सरासरीत मंद व वेगवान दोन्ही रोग मिसळलेले असतात.

उपचारांत दर 28 दिवसांनी द्यावयाची लॅनरिओटाइड अथवा ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शने, एव्हरोलिमस वा सुनिटिनिबच्या गोळ्या, केमोथेरपी आणि ल्युटेशियम-177 द्वारा अंतर्गत किरणोपचार यांचा समावेश होतो. हे ल्युटेशियम आपल्याच देशात तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीत तयार होते.

आपल्या शास्त्राच्या भाषेत

सुश्रुतांनी द्विरर्बुद असाध्य म्हटले आहे, त्यामुळे प्रसार ऐकताच आपले मन ‘प्रत्याख्येय’ या निर्णयाकडे धावते. परंतु चरकांनी असाध्याचेही दोन भेद केले आहेत : याप्य आणि प्रत्याख्येय. योग्य उपचार चालू असेतोवर जो रुग्णास तारून धरतो, तो याप्य. पडू पाहणाऱ्या घरास टेकू द्यावा, तशी तेथे चिकित्सेची योजना असते. पसरलेले, पण पहिल्या वा दुसऱ्या प्रतीचे अर्बुद या याप्य वर्गात बसते. टेकू काढला की घर पडते. म्हणून चालू उपचार थांबविण्याचा सल्ला आपण देऊ नये.

या संदर्भात ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. ऑक्टोबर 2003 मध्ये त्यांच्या स्वादुपिंडात हेच अर्बुद आढळले. आहार, वनस्पती व ॲक्युपंक्चर यांवर भिस्त ठेवून त्यांनी शस्त्रक्रिया नऊ महिने लांबविली. जुलै 2004 मध्ये ती झाली, तेव्हा यकृतात प्रसार आढळला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. 2009 साली यकृतारोपण झाले आणि 5 ऑक्टोबर 2011 रोजी त्यांचे निधन झाले. वेळीच शस्त्रक्रिया झाली असती तर ते वाचले असते, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण ते नऊ महिने परत मिळविण्याचा मार्ग उरला नाही, आणि निदानानंतर ते आठ वर्षे जगले, या दोन्ही गोष्टी आपणास काही सांगतात.

आपले कर्तव्य

1. बायोप्सीवाचून भाकीत करू नये. अहवालात प्रत, केआय-67 आणि पेशींची घडण नमूद आहे की नाही, ते प्रथम पाहावे. नसल्यास रुग्णास तज्ज्ञांकडे परत पाठवावे.

2. अर्बुद इन्सुलिन स्रवत असेल तर उपाशीपोटी घाम, भ्रम, झटके येतात. अशा रुग्णास लंघन वा उपवास सांगणे प्राणघातक ठरू शकते. काही अर्बुदांत पाण्यासारखे अतिसरण होऊन पोटॅशियम घटते. तेथे विरेचन सर्वथा वर्ज्य.

3. क्रोमोग्रॅनिन-ए ही रक्ततपासणी आम्लपित्तावरील ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनी खोटी वाढलेली दिसते. रुग्ण त्या घेत असल्यास चिकित्सकास कळवावे.

4. एव्हरोलिमस, सुनिटिनिब यांचे पचन यकृतात होते, आणि गाठी बहुधा तेथेच असतात. आपण दिलेला प्रत्येक काढा, भस्म व कल्प चिठ्ठीवर लिहून रुग्णासोबत पाठवावा.

5. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय या पायऱ्या रुग्णास समजावून सांगाव्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून विचारून घेण्यास सांगावे.

अग्नीचे रक्षण, आहार, निद्रा, वेदना आणि मनोबल यांत आपले साहाय्य मोलाचे आहे, आणि ते या उपचारांच्या बरोबरीने देता येते. प्रसार झालेला प्रत्येक रुग्ण वाचेल, अशी आशा लावणे अप्रामाणिक ठरेल. परंतु ज्याच्या वाट्यास पाच वर्षे येऊ शकतात, त्यास पाच महिन्यांचा हिशेब सांगून घरी बसविणे हाही अपराधच होय. धानाच्या पाच हंगामांत मुलीचे लग्न होते, मुलगा हाताशी येतो. तेव्हा पिशवीतील सर्व कागद वाचून झाल्यावरच वैद्याने बोलावे.