रेणूंपेक्षा किल्ल्या जास्त

पवई तलाव काठोकाठ भरला की त्यात सुमारे 545 कोटी लिटर पाणी असतं. त्या पाण्यातल्या रेणूंची संख्या लिहायची तर 18 वर 34 शून्यं द्यावी लागतील. माहिती कुलूपबंद करणारी 128 बिटांची गुप्त किल्ली जितक्या प्रकारे बनू शकते, ती संख्या या रेणूंच्याही 1,850 पटींहून जास्त भरते.

या किल्लीचा संबंध रुळांशी आहे. पेट्रोल-डिझेलच्या एका टँक वॅगनमध्ये सुमारे 70 हजार लिटर मावतं. रेकला अशा पन्नासेक वॅगन, म्हणजे 35 लाख लिटर एका गाडीत. 2013 साली कॅनडातल्या लॅक-मेगँटिक गावात 72 टाक्यांची कच्च्या तेलाची गाडी चालकाविना उतारावरून सुटली, रुळांवरून घसरून पेटली आणि 47 माणसं गेली. अशा मालावर दुरून नजर हवीच: टाकीचा दाब किती, तापमान किती, गाडी कुठे अडकली आहे. पण क्लोरीनची टाकी या क्षणी कोणत्या यार्डात उभी आहे हे वाटेल त्याला कळणं तितकंच घातक.

मग ही माहिती पाठवताना वॅगनचा क्रमांक झाकला तर? आपल्याकडे तो 11 अंकी असतो. पहिल्या दोन अंकांवरून वॅगनचा प्रकार कळतो, पुढच्या दोनांवरून मालक रेल्वे, त्यापुढच्या दोनांवरून बांधणीचं वर्ष. मग चार अंक त्या वॅगनचे स्वतःचे, आणि अकरावा आधीच्या दहांवरून काढलेला पडताळणीचा. म्हणजे मोकळे अंक दहाच, शक्यता फार तर 1,000 कोटी. क्रमांकाचा नुसता हॅश, म्हणजे ठरलेल्या सूत्राने बनवलेली खूण, करून पाठवला, तर सेकंदाला 10 लाख क्रमांक तपासणारा संगणक पावणेतीन तासांत सगळे पालथे घालतो. प्रत्यक्षात वॅगन काही लाखच आहेत. त्यांची यादी हाती असेल तर सेकंदभरही पुरे. हे झाकणं नव्हेच.

128 बिटांच्या किल्लीने माहिती कुलूपबंद केली की हिशोबच बदलतो. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहिल्या, तरी सगळ्या संपायला विश्वाच्या वयाच्या, म्हणजे 1,380 कोटी वर्षांच्या, सुमारे 78 कोटी पट काळ लागेल.

तरीही खरी कसोटी अपघाताच्या वेळी. आग विझवायला आलेल्या जवानाला टाकीत संयुक्त राष्ट्रांच्या क्रमांकानुसार 1203 म्हणजे पेट्रोल आहे की 1017 म्हणजे क्लोरीन, हे तत्क्षणी कळलं पाहिजे. पेट्रोलवर फेस मारतात, क्लोरीन असेल तर आधी वाऱ्याची दिशा बघून वस्ती हलवावी लागते. उत्तर अमेरिकेत 2014 पासून ‘आस्करेल’ हे ॲप नोंदणीकृत बचाव पथकांना वॅगनचा क्रमांक टाकताच आतला माल सांगतं. इतरांना ते उघडत नाही. मला हीच रचना योग्य वाटते.

अशी यंत्रणा उभारणाऱ्यांना एवढंच सांगणं: किल्ली कितीही लांब ठेवा, पण रात्री दोन वाजताही ती अग्निशमन दलाच्या हातात असू द्या.