गिटारीतील तोतया स्वर

तंतुवाद्याची तार छेडली असता मुख्य स्वराबरोबर अनेक सूक्ष्म स्वर उमटत असतात. मुख्य स्वराची कंपने सेकंदास १०० असतील, तर या उपस्वरांची कंपने जवळजवळ २००, ३००, ४०० अशी पटीपटीने वाढत जातात. ते सहसा वेगळे ओळखू येत नाहीत. मुख्य स्वरात मिसळून ते त्याला रंग देतात. एकच स्वर सतारीवर एक भासतो आणि सारंगीवर दुसराच भासतो, याचे एक प्रमुख कारण म्हणजे या उपस्वरांचे कमीअधिक प्रमाण होय. परंतु कधी कधी वाद्यातून असा एखादा स्वर ऐकू येतो की, ज्याचे मुख्य स्वराशी कोणतेच नाते जुळत नाही. अशा वेळी होतकरू वादक आपल्या कानास दोष देतो, तारा बदलतो, नाहीतर चांगले वाद्य दुरुस्तीस धाडतो. खरा दोष मात्र पुष्कळदा तिसऱ्याच ठिकाणी असतो.

अनपेक्षित स्वरांच्या या अभ्यासाशी बंगळुरू शहराचे नाते जुने आहे. पुढे १९३३ मध्ये तेथील भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झालेले चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यास असताना, १९२१ मध्ये, तंबोरा व वीणा यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. तारेच्या ज्या बिंदूवर एखाद्या उपस्वराचे कंपन शून्य असते, तेथेच ती छेडली तर तो उपस्वर उमटू नये, असा यंग यांचा नियम सांगतो. तंबोऱ्यात मात्र तो स्पष्ट ऐकू येतो, असे रामन यांना आढळले. याचे कारण रुंद, किंचित वक्र घोडी आणि तिच्यावर तारेखाली सरकविलेला धागा यांत होते. कंप पावताना तार घोडीस पुनःपुन्हा स्पर्श करते आणि नियमाने वगळलेले उपस्वर पुन्हा जन्म घेतात. मिरजेचे कारागीर ज्या जवारीसाठी घोडी घासत बसतात, तिचे रहस्य याच स्पर्शात आहे.

याच शहरात १९७९ च्या सुमारास अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा सिद्ध केला. त्यात तारा नव्हत्या. नाद विद्युत्मंडलातून निर्माण होत असे. आज रॉक संगीतासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात गिटारवादकांच्या पायाशी त्याहून पुढची एक पेटी दिसते. तिला ‘डिजिटल ॲम्प मॉडेलर’ म्हणतात. निर्वात नलिकांचे जड ध्वनिवर्धक जो नाद देतात, त्याची नक्कल ही पेटी केवळ गणिताने करते.

गिटारीकडून आलेला विद्युत्तरंग पेटी जसाच्या तसा घेत नाही. ती ठरावीक अंतराने त्याचे माप घेते. या मापांना ‘नमुने’ म्हणतात. सेकंदास ४८,००० नमुने हे अशा यंत्रांतील एक सर्वसामान्य प्रमाण आहे. नमुन्यांच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे येथे २४,००० पर्यंत कंपनांचे स्वर त्यांतून बिनचूक परत मिळविता येतात. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या विचारातून आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ मधील निबंधातून हे तत्त्व प्रस्थापित झाले. मनुष्याचा कान सुमारे २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो, तेव्हा ही मर्यादा पुरेशी वाटावी.

अडचण येते ती पेटीच्या आत. रॉक संगीतातील कर्कश, दाटलेला नाद मिळविण्यासाठी तरंग इतका वाढविला जातो की त्याचे माथे छाटले जातात. या छाटणीतून नवे उपस्वर निर्माण होतात. नलिकांच्या ध्वनिवर्धकात फार उंच उपस्वर कानाच्या कक्षेबाहेर निघून जातात व त्यांचा उपद्रव होत नाही. गणिताच्या पेटीत मात्र २४,००० च्या पलीकडे जागाच नाही. तेथे पोहोचलेला उपस्वर भिंतीवर आपटलेल्या चेंडूप्रमाणे मागे वळतो आणि खालच्या पट्टीत दुसऱ्याच स्वराचे सोंग घेऊन प्रकट होतो. या क्रियेस ‘एलियसिंग’ म्हणतात. मराठीत अशा स्वरास ‘तोतया स्वर’ हे नाव शोभेल. चित्रपटात धावत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते, तोही याच जातीचा भ्रम होय. तेथे सेकंदास घेतलेली २४ चित्रे नमुन्यांचे काम करतात.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सेकंदास १,३०० कंपनांचा स्वर वाजविला, तर त्याच्या पस्तिसाव्या उपस्वराची कंपने ४५,५०० होतात. मर्यादेबाहेरचा हा उपस्वर ४८,००० वजा ४५,५००, म्हणजे २,५०० कंपनांचा होऊन ऐकू येतो. आता वादकाने तार ओढून स्वर १,३१० पर्यंत चढविला, तर तो उपस्वर ४५,८५० होईल आणि तोतया २,१५० वर उतरेल. खरा स्वर चढत असता तोतया खाली घसरतो, ही त्याची ओळख पटविणारी मोठी खूण आहे. काही तोतये वरही जातात, पण त्यांचा वेग मुख्य स्वराच्या चालीशी जुळत नाही.

तथापि प्रत्येक विचित्र स्वर तोतया नसतो. म्हणून परीक्षा क्रमाक्रमाने करावी. प्रथम वाजविणे थांबवावे. गुणगुण तशीच राहिली, तर ती विजेच्या प्रवाहाची असण्याचा संभव अधिक. आपल्या देशात त्या प्रवाहाची आवर्तने सेकंदास ५० असल्याने ५० वा १०० कंपनांचा घुमारा ऐकू येतो. दुसऱ्या खेपेस गिटार पेटीपासून सोडवून तोच स्वर वाजवावा. खरखर तेथेही असेल, तर तार पडद्यास घासत असली पाहिजे. खरखर नसून पेटीस जोडल्यावर स्वर हेलकावे खात असेल, तर तारेखालचे चुंबक फार जवळ आले आहे का ते पाहावे. त्याच्या ओढीने तारेची कंपने बिघडतात.

तिसऱ्या खेपेस एकच तार वाजवून पाहावी. दोन तारा एकत्र वाजविल्यासच जर अनोळखी स्वर उमटत असेल, तर तो त्यांच्या कंपनांच्या वजाबाकीतून आलेला असतो. ४४० आणि ५५४ कंपनांच्या स्वरांतून ११४ चा स्वर निघतो. जुन्या नलिकांतही तो निघत असे. तो पेटीचा दोष नव्हे. चौथ्या खेपेस छाटणी करणारा भाग बंद करावा. तरीही नाद फाटत असेल, तर तरंग पेटीच्या प्रवेशापाशीच प्रमाणाबाहेर जात आहे; तेथील पातळी कमी केली पाहिजे. शेवटी छाटणी चालू करून उंच पडद्यावर एक तार सावकाश ओढावी. एखादा स्वर उलट चालला, तर तोतया सापडला.

एकदा खालच्या पट्टीत शिरलेला तोतया गाळून काढणे जवळजवळ अशक्य असते, कारण तो खऱ्या स्वरांच्या मध्येच येऊन बसतो. म्हणून उपाय आधीच करावा लागतो. पेटीच्या आत गणित आठपट वेगाने, म्हणजे सेकंदास ३,८४,००० नमुन्यांनी केले, तर भिंत १,९२,००० पर्यंत दूर सरते. आपल्या उदाहरणातील ४५,५०० चा उपस्वर मग जागच्या जागी राहतो. तो गाळून टाकावा आणि नंतरच नमुने पूर्ववत ४८,००० वर आणावेत. ज्या पेट्यांत ही सोय निवडता येते, तेथे ती वाढवावी; नसेल तेथे छाटणी सौम्य करावी.

तंबोऱ्यातही नियमास न जुमानता स्वर उमटतात आणि तरी ते गोड लागतात, कारण ते मुख्य स्वराच्याच कुळातले असतात व त्याच्याबरोबर चढतात, उतरतात. तोतयाला हे कुळ नाही. स्वर चांगला की वाईट याचा निर्णय कान देतो. तो कोठला आहे, हे मात्र एकेक भाग वेगळा करून पाहिल्यावाचून कळत नाही. ज्याला ही परीक्षा करता येते, त्याला आपल्या कानावर अविश्वास दाखविण्याचे कारण उरत नाही.