शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे

स्तनांच्या अतिभाराने मान, पाठ व खांदे वर्षानुवर्षे दुखावेत आणि लाजेपोटी त्या दुखण्याचे नावही घरात निघू नये, अशी पुष्कळ भगिनींची स्थिती असते. तो भार शस्त्रक्रियेने कमी करता येतो. शल्यवैद्याचे काम काही तासांचे. पुढचे सुमारे ६ आठवडे काम घराचे असते.

बाईने अंथरुणाला खिळून राहू नये. लवकरच घरात थोडे थोडे चालावे, म्हणजे पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचे भय कमी होते. निजावे ते उताणे, डोके उंच ठेवून. वैद्य सांगतील तितके दिवस आधाराची चोळी रात्रंदिवस वापरावी. खानदेशच्या उन्हाळ्यात स्तनाखालची घडी घामेजते. ती कोरडी ठेवावी. मशेरी मात्र कटाक्षाने सोडावी. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात व जखम भरून येत नाही.

ताप, एकाच बाजूची वाढती सूज, पू, पोटरीत कळ किंवा धाप, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. व्रणाची लाली ओसरण्यास वर्षही लागते. त्याने घाबरू नये.

हंडा उचलणे, भाकरी थापणे, मूल कडेवर घेणे वर्ज्य. कुरडया-पापडांची वाळवणे यंदा इतरांनी घालावीत. बाळंतिणीला सव्वा महिना जपणाऱ्या आपल्या घरांना हे शिकवावे लागू नये. येथे मूल जन्मलेले नसते, एवढाच फरक; जखम तितकीच खरी असते.