दोन काळांची जोड कशी लावावी?

परभणी जिल्ह्यातल्या जत्रेत फड भरला की आधी जोड लावावी लागते. जाणते लोक दोन पैलवान शेजारी उभे करून अंगलट पाहतात आणि मगच हातात हात देतात. वेगवेगळ्या काळातल्या पैलवानांची कुस्ती मनात लावायची असेल, तर आपणही हीच शिस्त पाळावी. खाशाबा जाधव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातले, पाटोद्याचे राहुल आवारे यांची जोड घेऊ.

पहिली पायरी वजनाची. खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये बँटमवेट, म्हणजे ५७ किलोपर्यंतच्या गटात कांस्यपदक जिंकले. राहुल यांनी २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोतच सुवर्ण घेतले. जोड जमली.

दुसरी पायरी सालाची. इथे बहुतेक जण चुकतात. १९४८ साली लंडनला खाशाबा ५२ किलोत खेळून सहावे आले होते. राहुल यांचे २०१९चे जागतिक कांस्य ६१ किलोतले आहे. नुसते नाव घेऊन भागत नाही. कोणत्या सालचा पैलवान, हे आधी ठरवा.

तिसरी पायरी नियमांची. हेलसिंकीत कुस्ती पंधरा मिनिटांपर्यंत चाले. चितपट, म्हणजे दोन्ही खांदे टेकले, तर तिथेच निकाल. नाहीतर तीन पंचांचा कौल. आज तीन-तीन मिनिटांची दोन सत्रे होतात, यशस्वी डावांना गुण मिळतात आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती थांबते. राहुल यांनी गोल्ड कोस्टला कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला अंतिम फेरीत १५-७ असे हरवले, ते या नियमांत.

चौथी पायरी आखाड्याची. खाशाबा तांबड्या मातीत घडले. लंडनला त्यांना मॅटची सवय नव्हती. चार वर्षांनी त्याच मॅटवर त्यांनी पदक मिळवले. म्हणून ‘मातीतला गडी मॅटवर टिकणार नाही’ असे सरसकट म्हणू नका.

पाचवी पायरी पदकांची. राष्ट्रकुलचे सुवर्ण आणि ऑलिम्पिकचे कांस्य एका तागडीत तोलू नका. हेलसिंकीत खाशाबांच्या पुढे जपानचा शोहाची इशिई आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामदबेयोव होते. राष्ट्रकुलात या देशांचे मल्ल नसतात. पदकाच्या धातूपेक्षा समोर कोण उभे होते, ते पाहा.

आता निकाल. सहा मिनिटांची, गुणांची कुस्ती असेल तर माझे मत राहुल यांना. त्या वेगाच्या खेळातच ते तयार झाले. पंधरा मिनिटे असतील तर खाशाबांना. त्यांचा ढाक हा डाव नामांकित होता आणि एवढ्या वेळात तो एकदा बसला तरी पुरे.

पारावर असा वाद रंगला, तर आपण आधी साल आणि नियम विचारा. नाव नंतर घ्या.