पहिली नजर कोणाची

सकाळी १०. अंधेरीतली एडिट रूम. पडदे ओढलेले, एसी चालू. इथे सकाळ काय नि रात्र काय. सिनेमा जवळजवळ लॉक झालाय, अडलाय तो पहिल्याच सीनवर. नवल नाही. शेवट पक्का झाल्याशिवाय सुरुवातीला हात लावून उपयोग नसतो.

१०.३०. सीन साधा आहे. कोकणातला लाल मातीचा रस्ता, एसटी थांबते, मुलगा आईबरोबर उतरतो. पडवीत आजी सुपारी कातरतेय. पुढे सगळी आजी-नातवाची गोष्ट. पण काल निर्मात्यांच्या घरच्यांनी बघून विचारलं, "म्हातारी भूत आहे का?" भर दुपारचं ऊन, पार्श्वसंगीत नाही, तरी भूत!

११. दुखणं पहिल्याच शॉटमध्ये आहे. कॅमेरा आजीच्या पाठीशी; तिच्या खांद्यावरून लांबवर धुरळा, त्यात एसटी, आणि उतरणारा मुलगा एवढुसा. त्याला पत्ता नाही आणि कुणीतरी त्याला बघतंय. प्रेक्षकाला घाबरायला एवढं पुरतं. 'जॉज'ची (१९७५) सुरुवात याच हिशेबावर उभी आहे. रात्री समुद्रात पोहणारी मुलगी आणि पाण्याखालून वर बघणारा कॅमेरा. शार्क दिसतच नाही, दिसते ती त्याची नजर.

१२.३०. शॉट उलटे लावले. आधी एसटीच्या खिडकीतला मुलगा, गजाला कपाळ टेकून. मग तो बघतो तेव्हाच आपल्याला आजी दिसते. अडकित्ता तोच, आवाज तोच. मघाशी त्या 'कट्'नं अंगावर काटा येत होता, आता आजोळी आल्यासारखं वाटतं.

१.३०. डबा उघडतोय तोवर दिग्दर्शिका आली. बघून म्हणाली, "दादा, आता फारच गोड झालंय." खरंय तिचं. जेवताना विषय 'फँड्री'वर (२०१३) गेला. गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागे रानात फिरणाऱ्या जब्याबरोबर आपण सुरुवातीपासून असतो. म्हणून शेवटी त्यानं भिरकावलेला दगड आपल्याच दिशेनं येतो तेव्हा पळायला जागा उरत नाही. तिला 'कोर्ट' (२०१४) जास्त आवडतो. तिथे नारायण कांबळे मुलांची शिकवणी घेत असतो आणि कॅमेरा लांब, गप्प बसलेला. ती नजर कुणाचीच नाही. कुणासाठी रडायचं हे हा सिनेमा सांगणार नाही, एवढं तिथेच कळतं. आमच्या सिनेमाला ते झेपणार नाही, असं मी तिला सांगितलं. तिनं माझ्या डब्यातली भाजी संपवली.

४. साउंडवाला आला. तात्पुरती लावलेली बासरी आधी काढून टाकली. बासरी वाजली की कोकण कॅलेंडरवर जाऊन बसतं.

६. निर्माते. त्यांना सुरुवातीला ड्रोन शॉट हवाय. पैसे मोजलेत त्याचे. वरून कोकण सुंदर दिसतं, वाद नाही. पण वरून बघतंय कोण? 'शोले'त (१९७५) केवढा तो मुलूख दाखवलाय, पण स्टेशनवर उतरलेल्या जेलरच्या सोबतीनं, टायटल्स चालू असताना, घोड्यावरून. रामगडला आपण त्या परक्या माणसाबरोबर पोचतो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "तरी एक ड्रोनवालं व्हर्जन द्या," म्हणाले.

७.३०. थिएटरात आमच्याआधी तंबाखूविरोधी जाहिरात, सेन्सॉरचं प्रमाणपत्र, लोगो, आभाराच्या पाट्या. तोवर अर्धी माणसं पॉपकॉर्न सांभाळत खुर्ची शोधत असतात. म्हणून काळ्या पडद्यावर आधी नुसतं एसटीचं इंजिन सोडलं, पूर्ण ७२ फ्रेम, म्हणजे तीन सेकंद. चित्र त्यानंतर.

८.३०. गोडपणाचं औषधही सापडलं. मुलाला बघून आजी हसते. हसू ओठांवर यायच्या आत कट मारला. आता ती रागीट आहे की प्रेमळ, हे मुलालाही ठाऊक नाही आणि आपल्यालाही. दिग्दर्शिकेनं परत लावायला सांगितलं, मग पुन्हा एकदा. "हेच," म्हणाली.

९.१५. दोन्ही व्हर्जन एक्स्पोर्टला लावली. ड्रोनवाल्याची फाइल दुप्पट मोठी. सहाय्यकाला थांबावं लागणार, म्हणून त्याच्यासाठी वडापाव मागवला.