अडीच वर्षांचा थोरला

घरात तान्हे बाळ आले की साऱ्या घराचे लक्ष पाळण्याकडे लागते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच घरात दोन-अडीच वर्षांचे आणखी एक लेकरू असेल, तर त्याच्या वाट्याला एका रात्रीत थोरलेपण येते. कालपर्यंत आईच्या कुशीत निजणाऱ्याला आज "तू आता मोठा झालास" असे बजावले जाते. अडीच वर्षांचे मूल मोठे कसे होणार, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आमच्या लोंढ्याच्या घरी सध्या असा एक थोरला आणि चार महिन्यांची त्याची धाकटी बहीण, अशी दोन नातवंडे नांदत आहेत. लोंढा हे खानापूर तालुक्यातले, रानाने वेढलेले जंक्शन. बेळगावकडून येणारी गाडी येथून कॅसलरॉकमार्गे दूधसागरचा घाट उतरून गोव्यात जाते. पावसाळ्यात येथे झड लागली की दुपटी, लंगोट काही वाळत नाही. शेगडीच्या उबेवर धरून ते कोरडे करावे लागतात. धाकटीचे तेल-न्हाणे, पाजणे, निजवणे यांत सूनबाईंचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि नेमक्या त्याच वेळी थोरल्याला मांडी हवी असते. आपल्या हाताने जेवू लागलेला हा मुलगा पुन्हा "भरव" म्हणू लागला आहे.

मोठी माणसे ह्याला हट्ट म्हणतात. आम्हांस तो हट्ट वाटत नाही. आपली जागा अजून शाबूत आहे ना, एवढेच ते मूल चाचपून पाहत असते. चार घास भरवल्याने ते बिघडत नाही. उलट खात्री पटली की आपणहून ताट पुढे ओढते.

थोरल्यावर धाकट्याचा भार पडतो, ही गोष्ट बालशिक्षणाच्या धुरीणांनी फार पूर्वी ओळखली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरली भावंडे घरी अडकतात, हे पाहून पुढे त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाड्या गावोगावी नेल्या. परंतु अंगणवाडीतले शिक्षण तिसरे वर्ष सरल्यावरचे. तोपर्यंत घर हीच शाळा आणि मांडी हाच वर्ग.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या कुटुंबांना तर ह्या वर्गाचे मोल अधिक. आमच्या अंगणात मराठीबरोबर कानडी, कोंकणी, हिंदीही ऐकू येते. थोरला सवंगड्यांपाशी पाण्याला "नीरु" म्हणतो आणि आजीपाशी "पाणी". ह्याची आम्हांस मुळीच खंत नाही. शेजारची भाषा खेळता खेळता मिळणे हे भाग्यच होय. ती अंगण देईल, पुढे शाळाही देईल. मराठी मात्र घरानेच द्यावयाची आहे, आणि ती धाकवून नव्हे, तर बोलून.

येथेच आम्हांस एक गंमत दिसून आली. धाकटी कोणाचे बोलणे सर्वांत तन्मयतेने ऐकते? आजोबांचे नव्हे, थोरल्याचे! तो पाळण्यापाशी उभा राहून आपल्या बोबड्या बोलांत तिला चिऊकाऊची हकिकत सांगतो आणि ती पाय झाडून हुंकार देते. काल रात्री आजीने त्याला जे सांगितले तेच आज तो तिला सांगत असतो. म्हणजे थोरल्याला दिलेला वेळ धाकटीच्या वाट्यातून जात नाही. तो त्याच्या तोंडून तिच्यापर्यंत पोहोचतो.

म्हणून आमचे सांगणे थोडेच आहे. पाहुण्यांनी आल्यावर पाळण्यात डोकावण्यापूर्वी थोरल्याला हाक मारावी. दुपटे आणून देण्यासारखे लहानसे काम त्याला सांगावे, पण राखण त्याच्यावर टाकू नये. तान्ह्यापाशी त्याला एकटे सोडू नये. धाकटी निजली की घटकाभर आई केवळ त्याची असावी, आणि त्या वेळी घरच्या इतर कामांना वडिलांनी, आजोबांनी हात लावावा. निजण्यापूर्वी एक गोष्ट त्याला मराठीत सांगावी, रोज तीच मागितली तरी.

थोरलेपण त्याच्या अंगी वेळेवर येईलच. तोवर त्याला लहान राहू द्यावे.